कांद्याच्या गावात पिस्तुलाचा भाव

नामपूरला ट्रॉलीभर कांद्याचा भाव एका मिनिटात ठरतो. त्याच गावातल्या एका कपाटातल्या विलायती पिस्तुलाचा भाव काढायला मात्र आम्हाला अख्खा वीकेंड लागला!

वीकेंडला नाशिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाइनरी, द्राक्षांच्या बागा, गंगापूर धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त आणि येताना मिसळ. मस्तच आहे सगळं, वाद नाही. पण एकदा नाशिकला न थांबता गाडी तशीच आग्रा रोडवरून पुढे काढा. पिंपळगाव मागे टाका, चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला डावीकडे वळा. देवळा लागतं, मग सटाणा. इथून पुढे डोंगरांचा आकार बदलतो. सपाट माथ्याचे, कापून ठेवल्यासारखे डोंगर. भाषाही बदलते. 'आहे'चं 'शे' होतं आणि आपण बागलाणात, अहिराणीच्या राज्यात आलोय हे कानाला आधी कळतं. सटाण्याहून अर्ध्या-पाऊण तासावर, मोसम नदीच्या काठी नामपूर आहे.

टुरिस्ट गाइडमध्ये नामपूर शोधू नका, सापडणार नाही. रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या खेड्यांतला कांदा इथे येतो, डाळिंब-द्राक्षांच्या गप्पा इथेच होतात आणि चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न एकच असतो, "आज काय भाव?"

मी गेले होते तेही भाव काढायलाच. पण कांद्याचा नाही, पिस्तुलाचा!

त्याचं असं झालं की पुण्यात आयटीत असलेला माझा एक कॉलेजचा मित्र मूळचा नामपूरचा. त्याच्या आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, एक जुनं इंग्लिश पिस्तूल आहे. रीतसर लायसन्सचं. आबा आता चौऱ्याऐंशीचे. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. आणि घरात अचानक चर्चा सुरू झाली की हे पिस्तूल म्हणे सहा लाखांना जातं. "चल येतेस का? तुला स्टोरी मिळेल," मित्र म्हणाला. फ्रीलान्सर माणसाला एवढं पुरतं.

एका मिनिटाचा हिशेब

शुक्रवारी सकाळी मित्राच्या काकांबरोबर आधी मार्केट यार्डात गेलो. एप्रिलचे दिवस, उन्हाळ कांद्याचा सीझन. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, पुकारा सुरू होतो, आकडे पन्नास-पन्नासने वर चढतात आणि कुठेतरी थांबतात. संपलं! चार महिन्यांच्या कष्टांचा फैसला एका मिनिटात. पुढची ट्रॉली.

एवढ्या झटपट हे बघतात तरी काय? काकांनी मला क्रॅश कोर्स दिला. आकार सारखा आहे का, रंग कसा आहे, पत्ती (म्हणजे वरची साल) घट्ट आहे की सुटलीय, मान बारीक आहे का. जाड मानेचा कांदा टिकत नाही. गोल्टी किती, जोड किती. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातला कांदा काढून बघतो, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात! "ताई, माल बोलतो," काका म्हणाले. "बघणाऱ्याला ऐकू आलं पाहिजे."

काकांचा भाव त्या दिवशी काही खास बोलला नाही. घरी परतताना ते गप्प होते. नवीन कांदाचाळ बांधायला सोसायटीचं कर्ज काढलंय आणि त्याचा हप्ता कांद्याच्या भावाची वाट बघत थांबत नाही. सहा लाखांच्या पिस्तुलाची गोष्ट या घरात एवढ्या उत्साहाने का ऐकली जात होती, ते तेव्हा कळलं.

कपाटातली पेटी

घरात शिरताच आबांनी ओट्यावरूनच विचारलं, "काय भाव गया रे?" काकांनी आकडा सांगितला. आबांनी मान हलवली. विषय संपला.

दुपारी जेवण झालं. बाजरीची भाकरी, शेवेची झणझणीत भाजी आणि वर आजींचा आग्रह. मग आबांनी स्वतः उठून गोदरेजचं कपाट उघडलं. पत्र्याच्या पेटीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल. सोबत लायसन्स आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली १९६७ सालची पावती.

आबा तेव्हा पंचविशीतले. घरची भुसाराची आडत. मालेगावहून रोकड घेऊन रात्रीच्या एसटीने यायचं. रस्ता सुनसान, कमरेला पैसे. म्हणून लायसन्स काढलं आणि मुंबईच्या दुकानातून हे घेतलं. तेव्हाही ते सेकंडहँडच होतं. पावतीवरचा आकडा तीन आकडी. तेवढ्यात आज शहरात दोघांचं जेवणही धड होत नाही!

"कधी चालवलंत, आबा?" मी विचारलं.

"सुरुवातीला शिकायला चालवलं, पोरी. माणसावर कधी नाही."

"मग उपयोग काय झाला?"

"मला एसटीत झोप लागायची," आबा म्हणाले.

विलायती म्हणजे काय रे भाऊ?

पिस्तुलाच्या अंगावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. वेब्ली अँड स्कॉट, लंडन आणि बर्मिंगहॅम. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे नाव पाठ होतं. वेब्लीची रिव्हॉल्व्हरं ब्रिटिश फौजेत होती आणि त्यांचं हे छोटं बत्तीस बोरचं ऑटोमॅटिक पिस्तूल लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी १९११मध्ये स्वीकारलं होतं. १९४०च्या सुमाराला त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे आबांचं पिस्तूल आबांपेक्षा वयाने मोठं!

यात वापरतात ती बत्तीस बोरची गोळी मात्र वेब्लीची नाही. ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन डिझायनरची, १८९९ची. बेल्जियमच्या कारखान्याने त्याच्या पिस्तुलांसाठी ती बाजारात आणली. आणि ब्राउनिंग म्हटलं की नाशिककरांना वेगळीच तारीख आठवते. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता आणि अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल ब्राउनिंग होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली होती. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

हे सांगायचं कारण? जुन्या हत्याराच्या किमतीत 'कोणाच्या हातात होतं' हा एक मोठा भाग असतो. इतिहासाचा पुरावा असेल तर भाव आभाळाला भिडतो. पुरावा नसेल तर ती फक्त गोष्ट. काकांनी ऐकलं होतं की हे पिस्तूल कुणा इंग्रज साहेबाचं होतं. असेलही! पण पावतीवर साहेबाचं नाव नाही आणि पिस्तुलावर पोलिसांचा किंवा पलटणीचा शिक्काही नाही. तेव्हा साहेब वजा.

आधी कागद, मग लोखंड

शनिवारी सकाळी खरा एक्स्पर्ट आला. सैन्यातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे हत्यारांचे मेकॅनिक. शेजारच्या गावात आता डाळिंबं पिकवतात. आबा त्यांना 'फौजी' म्हणतात, म्हणून आपणही फौजीच म्हणू.

मला वाटलं होतं की ते आल्या आल्या पिस्तूल हातात घेतील. त्यांनी आधी चष्मा लावला आणि लायसन्स मागितलं!

"ताई, आपल्या देशात हत्याराची किंमत कागदापासून सुरू होते," ते म्हणाले. "कागद नसेल तर किंमत शून्य. शून्य पण नाही, उणे. कारण मग तुरुंग."

लायसन्सवरचा नंबर आणि पिस्तुलावर कोरलेला नंबर त्यांनी एक-एक आकडा बोट ठेवून जुळवला. जुळला. एक आकडा जरी खाडाखोड केलेला किंवा घासलेला दिसला असता तर तिथेच थांबलो असतो, असं ते म्हणाले. दुसरी तपासणी बोरची. ९ मिलिमीटरसारखे बोर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, ते 'प्रतिबंधित' वर्गात येतात. बत्तीस बोर चालतो. म्हणून भारतात जुन्या बत्तीसला मागणी. पण त्यातही मेख आहे. बत्तीस रिव्हॉल्व्हरची गोळी वेगळी, बत्तीस पिस्तुलाची वेगळी. नाव सारखं, पण एकीची दुसऱ्यात चालत नाही. गोळी देशात बनते का, सहज मिळते का, हे आधी विचारायचं. ज्याची गोळी मिळत नाही ते पिस्तूल म्हणजे शोकेसमधला पेपरवेट!

तिसरी गोष्ट, विकत कोण घेऊ शकतो? इथे कांदा आणि पिस्तूल यांच्यातला फरक कळतो. कांदा कुणीही घेतो. पिस्तूल घ्यायला ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि त्यावर अशा हत्याराची जागा रिकामी आहे असाच माणूस लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते वर्षभरात जमा करावं किंवा विकावं लागलं. म्हणजे एका फटक्यात विकणारे वाढले आणि घेणाऱ्यांची जागा कमी झाली. कांद्याची आवक वाढली की काय होतं, ते नामपुरात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

उजेडाची परीक्षा

मग फौजींनी पिस्तूल हातात घेतलं. नळी भिंतीकडे. आधी मॅगझिन बाहेर, मग वरचा स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी बघितलं, करंगळीने चाचपलं. रिकामं आहे हे आबांनी आधीच सांगितलं होतं. तरी त्यांनी दोनदा बघितलं. "सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हत्यारावर नाही," हा त्यांचा फंडा.

आता परीक्षा सुरू. पिस्तूल उघडून नळीच्या मागच्या टोकाला पांढरा कागद धरला, तो उजेडाकडे केला आणि पुढून आत बघितलं. मलाही दाखवलं. नळीच्या आत गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते. नवी नळी आरशासारखी चमकते. आबांच्या पिस्तुलाच्या खाचा शाबूत होत्या, पण मध्येच काळे बारीक खड्डे. चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांसारखे.

"हे कशाने?"

दोन कारणं, फौजी म्हणाले. एक, जुन्या काळच्या गोळ्यांच्या टोपीतल्या मसाल्यातून क्षार उरतात. ते ओल खेचतात आणि नळी गंजते. चालवल्यावर लगेच साफ केलं नाही तर संपलं. दुसरं कारण आबांनीच सांगितलं. निवडणूक आली की लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. एका पावसाळ्यात पिस्तूल बरेच दिवस तिथे राहिलं. तिथे कोण कशाला तेल लावणार?

पुढचा मुद्दा ऐकून काकांचा चेहरा पडला. पिस्तूल चांदीसारखं चकचकीत आहे. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की हाच त्याचा प्लस पॉइंट! एका लग्नाच्या आधी आबांनी त्यावर निकल चढवून घेतलं होतं. (वरातीत हवेत बार वगैरे काही नाही हां, फक्त कमरेला लावून मिरवलं. हवेत बार काढला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.) मूळ वेब्ली गडद निळसर-काळी असते. फौजींनी नखाने कोरलेली अक्षरं दाखवली. कडा बोथट झाल्यात. निकल चढवण्याआधी घासलं, त्यात अक्षरांची धार गेली. स्क्रूच्या भोकांच्या कडाही बशीसारख्या खोलगट झाल्यात.

"जुन्या वस्तूला नवी केली की ती जुनीही राहत नाही आणि नवीही होत नाही," फौजी म्हणाले. जगभरच्या कलेक्टर लोकांचा हाच नियम आहे. अमेरिकेत जुन्या बंदुकांच्या किमतींची पुस्तकंच निघतात आणि त्यात मूळ पॉलिश किती टक्के शिल्लक आहे त्यावर किंमत ठरते. झिजलेलं पण मूळ पॉलिश परवडलं, पण चकचकीत नवं नको. आपल्याकडे असं पुस्तक नाही. पुकारा नाही, यार्ड नाही, उद्याच्या पेपरात छापून येणारा भाव नाही. जे काही आहे ते तोंडी.

बाकीचं प्रगतिपुस्तक असं. मूठ : डाव्या बाजूची काळी पट्टी तडकलेली, पण मूळची. मॅगझिन : एकच, आणि ते मूळचं आहे की नंतर बसवलेलं याबद्दल फौजींना शंका. स्प्रिंग : या पिस्तुलात ती व्ही आकाराची असते आणि मुठीच्या पट्टीखाली बसते. अजून दम आहे, पण तुटली तर पार्ट मिळणं मुश्कील. प्रूफचे शिक्के : आहेत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३पासून हेच काम करतं. नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार काढून नळी तपासायची आणि पास झाली की शिक्का मारायचा. त्या काळचं हॉलमार्कच म्हणा ना! पण हा शिक्का कारखान्यातून निघालेल्या नळीचा असतो, आजच्या नळीचा नाही. म्हणून फौजींनी पिस्तूल चालवून बघायला साफ नकार दिला. इतकी वर्षं पडून राहिलेलं हत्यार आधी चांगल्या कारागिराने उघडून तपासायचं, मगच बाकीचं.

मला राहून राहून मार्केट यार्ड आठवत होतं. वरचा थर नको, तळातला काढून दाखव!

दोन्ही भाव दिल्लीत

मग सहा लाखांचा आकडा आला कुठून? तो अगदीच हवेतला नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारने परदेशी बंदुका-पिस्तुलांची सर्वसाधारण आयात बंद केली. त्यामुळे त्याआधी देशात जे आलं तेवढंच बाजारात फिरत राहिलं. एकाकडून दुसऱ्याकडे, बापाकडून मुलाकडे. परदेशात जे जुनं पिस्तूल काही शे डॉलरला मिळतं, त्याच जातीच्या पिस्तुलाला इथे लाखांत किंमत सांगतात. त्यात विशेष गुण काही नाही. दार बंद आहे, एवढंच.

फौजी हे सांगत होते आणि काका एकदम म्हणाले, "म्हणजे आमच्या कांद्याचं उलटं!"

क्षणभर सगळे गप्प झालो. कारण हे शंभर टक्के खरं होतं. १९ ऑगस्ट २०२३ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ला उठली, पण शुल्क राहिलंच. सप्टेंबर २०२४मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला संपलं. बाहेर जायचं दार बंद झालं की यार्डातला भाव कोसळतो. आत यायचं दार बंद झालं की कपाटातल्या पिस्तुलाचा भाव चढतो. एकाच घरातल्या दोन वस्तू, दोन्हींचा भाव दिल्लीतल्या कागदावर. फरक एवढाच की पिस्तुलाचा कागद चाळीस वर्षं टिकला आणि कांद्याचा दर हंगामाला बदलतो.

पण पिस्तुलाचं दारही आता किलकिलं होतंय. २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे अर्ध्या किलोचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आणलं, साधारण सव्वा लाखाचं. २०१६च्या नियमांनंतर खासगी कारखाने आले. २०२३मध्ये कानपूरचंच 'प्रबल' आलं. आणि गंमत म्हणजे २०२०मध्ये खुद्द वेब्लीच्या नावाची बत्तीस बोरची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशातल्या संडिल्याला बनवायची घोषणा झाली. लंडन, बर्मिंगहॅम आणि आता हरदोई जिल्हा! नवं, वॉरंटीचं हत्यार मिळत असेल तर खड्डे पडलेल्या नळीसाठी सहा लाख कोण मोजणार?

मग आकडा किती?

मित्राने दोन परवानाधारक विक्रेत्यांना फोन लावले. फौजींनी सांगितलेलं सगळं, निकलसकट, प्रामाणिकपणे सांगितलं. एक जण म्हणाला एक लाख दहा. दुसरा म्हणाला ऐंशी हजार. दोघांचंही शेवटचं वाक्य एकच होतं, "बघितल्याशिवाय पक्कं नाही." फौजींचा अंदाज मधला, नव्वदच्या आसपास. मूळ पॉलिश असतं आणि नळी साफ असती तर याच्या दुप्पट मागता आले असते, असं त्यांनी वर सांगितलं.

काका उठून अंगणात गेले. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. कर्ज साडेचार लाखांचं आणि हाताशी नव्वद हजार.

आता तीन रस्ते होते. पहिला, काही न करता ठेवून द्यायचं. पण आबांच्या पश्चात वारसांना ते बिनलायसन्सचं घरात ठेवता येणार नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागेल, आणि जमा केलेल्या हत्याराचं पावसाळ्यात काय होतं ते नळीत दिसतच होतं. दुसरा, वारसाच्या नावावर करायचं. लायसन्सधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की तो हयात असतानाच वारसाला लायसन्ससाठी अर्ज करता येतो. आबा दोन्ही अटींत डिस्टिंक्शनने पास! तिसरा रस्ता म्हणजे विकायचं. दुसऱ्या लायसन्सधारकाला थेट विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं.

मित्र म्हणाला, "आबा, माझ्या नावावर करूया. अँटिक आहे, भाव वाढेल." त्याच्या आवाजात मला भावापेक्षा आजोबा जास्त ऐकू आले.

आबा त्याच्याकडे बघून हसले. "तू पुण्याच्या फ्लॅटात याला तेल लावशील? तुला झाडांना पाणी घालायची आठवण बायको करते." मग काकांना हाक मारून आत बोलावलं. "चाळीतला कांदा कधी काढायचा?"

"भाव आल्यावर," काका म्हणाले.

"नाही. सडायच्या आधी. भाव येतो की नाही ते आपल्या हातात नाही, सड आपल्या डोळ्यांसमोर असते." आबांनी फडकं पुन्हा गुंडाळलं. "मी आहे तोवर विका. माझी सही चालते तोवर. नव्वद तर नव्वद. दोन हप्ते तरी जातील."

काकांनी मान डोलावली. सहा लाखांच्या स्वप्नातून खाली उतरायला त्यांना एक रात्र लागली असेल. पण रविवारी सकाळी लायसन्सची झेरॉक्स काढायला तेच गेले.

निघता निघता फौजींनी शेवटचा व्यवहारी सल्ला दिला. मूळ पावती पिस्तुलाबरोबर द्या. जुनी पावती म्हणजे वस्तूची वंशावळ, घेणारा त्याचे चार-पाच हजार जास्त देईल.

आबांनी पिशवीतून पावती काढली आणि उलटी करून मला दाखवली. मागे पेन्सिलीने, आता जवळजवळ पुसलेल्या अक्षरांत, एक छोटा हिशेब होता. आबांच्या वडिलांचं अक्षर. भुईमुगाच्या पट्टीचे एवढे आले, त्यातून हे घेतलं, उरले एवढे.

"याची झेरॉक्स द्या त्यांना," आबा म्हणाले. "चार-पाच हजार कमी आले तरी चालतील."

कसं जाल? काय बघाल?

नाशिकहून सोग्रस फाटा, देवळा, सटाणामार्गे नामपूर. मालेगावहूनही रस्ता आहे. रेल्वेने यायचं तर मनमाडला उतरा आणि पुढे एसटी. वाटेत सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर बघा. १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या या मामलेदाराला लोकांनी देव केलं. ताहाराबादकडे वळलात तर मांगी-तुंगीची शिखरं आणि १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती. ट्रेकर असाल तर मुल्हेर आणि १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला जुलै २०२५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि १६७२ची साल्हेरची लढाई याच्याच पायथ्याला झाली. राहायची सोय सटाण्यात बघा. आणि नामपुरात सकाळचा लिलाव चुकवू नका. कडेला उभं राहून बघा, मध्ये मध्ये करू नका. तिथे कुणाचं तरी वर्ष विकलं जात असतं.